पाण्यासाठी वर केलेला हात

मार्च लागला की आमच्या सेक्टरला ठसका लागतो. मसाला बाजारात नव्या मिरचीची पोती उतरायला लागतात. वारा खाडीवरून आला तर दिवस नुसता खारट जातो; बाजारावरून आला तर घराघरांतून शिंका ऐकू येतात. गच्चीवर सूर्यनमस्कार घालणारे शिंकतात, दहावीच्या पेपरला निघालेली मुलं शिंकतात, त्यांच्या हातावर दही घालणाऱ्या आयाही शिंकतात. नवे राहायला आलेले डॉक्टरकडे धावतात. आम्ही जुने लोक नाकाला रुमाल लावतो आणि जाणकारासारखं म्हणतो, यंदा मिरची जरा जहाल दिसतेय. मिरचीतलं मला लाल आणि हिरवी यापलीकडे काही कळत नाही, पण म्हणायला काय जातं?

परवा अशाच एका तिखट दुपारी भाची घरी आली होती. तिने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. कुठल्याशा पुढाऱ्याने सभागृहात किती वेळा आपल्या पक्षासारखं मत दिलं आणि किती वेळा वेगळं, हे त्यात हिरव्या आणि लाल पट्टीने दाखवलं होतं. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवीगार.

"मामा, एकदासुद्धा वेगळं मत नाही. माणूस आहे की झेरॉक्स?"

मला जोरदार ठसका लागला. ती पाणी आणायला उठली, तेव्हा मी हात वर करून तिला थांबवलं आणि वर केलेल्या त्या हाताकडे बघून तो लगेच खाली घेतला. तिला वाटलं, मामाचं वय झालं. वय झालंच आहे. पण खोकला वयाचा नव्हता आणि मिरचीचाही नव्हता. तो 'झेरॉक्स' या शब्दाचा होता. त्या शब्दावर आमच्या सेक्टरात एके काळी माझा मालकी हक्क होता.

मोबाईल जे करतो ते मी खडूने करत असे. नव्वदीची मधली वर्षं. आमची महापालिका कोरी होती, रस्ते कोरे होते, झाडांना अजून पिंजरे होते. सोसायटीच्या गेटपाशी वॉचमनच्या केबिनला लागून एक फळा होता. त्यावर रोज सुविचार लिहायचं काम सचिव म्हणून माझ्याकडे आलं, कारण सोसायटीत माझं अक्षर सगळ्यात चांगलं. हे मी म्हणत नाही, लोक म्हणत. म्हणजे आधी मी म्हणत असे, मग लोक म्हणायला लागले.

सुविचारांचा मला लवकरच कंटाळा आला. त्याच सुमारास आमच्या वॉर्डातून शालनताई निवडून आल्या. मूळच्या सातारकडच्या. नवरा कांदा-बटाटा बाजारात माथाडी टोळीचा मुकादम, घर आमच्या सोसायटीपलीकडच्या बैठ्या चाळीत. जागा महिलांसाठी राखीव झाली, पक्षाला एक महिला हवी होती, आणि मिरच्या निवडायला बसणाऱ्या बायकांत शालनताईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता. आमच्या फ्लॅटवाल्यांना वाटलं, आता या बाई आपले प्रश्न मांडणार म्हणजे झालंच. आम्ही मत मात्र त्यांनाच दिलं होतं. चिन्ह पक्षाचं होतं ना.

तेव्हा मी महाप्याच्या एका कंपनीत हिशेब तपासत असे. हिशेब तपासणाऱ्याला दोन आकडे दिसले की ते जुळतात का हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. तसा मी एकदा दात दुखतोय असं सांगून हाफ डे टाकला आणि महापालिकेच्या सभेला प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसलो. खाली सभागृहात नुसता 'मंजूर, मंजूर' असा गजर चालला होता. पण विरोधकांनी मतदान मागितलं की हात वर करावे लागत. आणि मग ते दृश्य सुरू होई. पुढच्या रांगेत पक्षाचा गटनेता. त्याचा हात वर गेला की त्याच्यामागचे हात वर, मग त्यांच्यामागचे. शेवटच्या रांगेत खांबाला लागून शालनताई. त्या गटनेत्याच्या हाताकडे बघत आणि मग पदर सावरून आपला हात वर करत.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुविचाराच्या जागी दोन ओळी होत्या. पक्षाचा हात: वर. ताईंचा हात: वर. खाली सुंदर वळणदार अक्षरात: आपल्या नगरसेविका, झेरॉक्सताई.

फळ्यासमोर माणसं थांबायला लागली. चेअरमन कारखानीस, जे स्वतःच्या मुंजीतही हसले नसावेत, ते हसले. दूधवाला विचारायचा, आज काय लिवलंय? मला यश डोक्यात गेलं. मी दर महिन्याला एक दात दुखवून घ्यायला लागलो. ऑफिसात लोकांना वाटत असे की एव्हाना याला कवळीच बसली असणार. बायको म्हणायची, "एवढे तिचे हात बघता, कधी जाऊन तिच्याशी बोललात का?" मी म्हणायचो, प्रेक्षकाने तटस्थ राहावं. असली वाक्यं मला फार सुचत.

चाळ आणि आमची सोसायटी यांच्यामध्ये एक रिकामा भूखंड होता. त्यावर गंजलेली पाटी: प्रसूतिगृहासाठी राखीव. पाटीखाली मुलं क्रिकेट खेळत, ती पाटीच त्यांचा स्टंप. चाळीतल्या बायकांना दिवस भरले की रिक्षात घालून लांबच्या सेक्टरला न्यावं लागे. एकदोघींचं तर रस्त्यातच झालं होतं. तर त्या मार्चमध्ये पक्षाच्या मनात आलं की ही जागा ट्रक उभे करायला द्यावी. बाजाराचे ट्रक रस्ते अडवतात, कळंबोलीपर्यंत रांग लागते, वगैरे. विषय सभेपुढे आला. मी गॅलरीत हजर.

विरोधक म्हणाले, हा विषय आज नको, पुढे ढकला. महापौरांनी पुढे ढकलण्याच्या बाजूचे हात वर करायला सांगितलं. विरोधकांचे हात गेले. पक्षाच्या बाकांवर सगळे हात खाली, मांडीवर, शिस्तीत. आणि शेवटच्या रांगेत, खांबाशी, एक हात वर. हिरव्या बांगड्यांचा. सरळ.

इतके महिने मी ज्याची चेष्टा केली तो हात माझ्या डोळ्यांदेखत पक्षापासून सुटला होता. मी पुढचं काही बघितलंच नाही. जिना उतरून धावत बस पकडली आणि दिवेलागणीच्या आत फळ्यावर लिहिलं: प्रसूतिगृहासाठी शालनताईंचा एकटीचा हात. पक्षाच्या विरोधात. झेरॉक्स बंद. त्या दिवशी अक्षर असं आलं की वॉचमन पवारमामांनी टोपी काढून वाचलं.

मी जिन्यात होतो तेव्हा शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन शालनताईंकडे चालला होता, हे मला कुठून दिसणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराची बेल वाजली. बायकोने दार उघडलं. बाहेरून आवाज आला, "सचिवांना सांगा, झेरॉक्सताई आलीय."

मी आतल्या खोलीत दाढी करत होतो. दाढी सकाळीच झाली होती, पण पुन्हा करायला घेतली. शेवटी बायकोने पुकारा केला, तेव्हा अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून बाहेर आलो. ताई सोफ्याच्या कडेवर बसल्या होत्या. त्यांच्या लुगड्याला मिरचीचा वास होता, आणि बैठकीत बसल्या बसल्या आम्हा तिघांनाही शिंका आल्या. भांडणाची सुरुवात अशी झाली.

"आवं भाऊ, मी सकाळधरनं मिरच्यात बसलेली बाई. सभेत ठसका लागला. शिपायाला पानी मागाया हात वर केला. आन् तुमी फळ्यावर काय लिवलं? पक्षानं बोलवून घेतलं मला. म्हनले, पुन्हा असा हात गेला तर पद ऱ्हायचं न्हाई. मी सांगितलं, पानी मागत हुते. त्यास्नी पटलं. आता तुमी पुसा."

हिशेब तपासणाऱ्याची चूक सापडली की त्याला कसं होतं हे दुसऱ्या हिशेब तपासणाऱ्यालाच कळेल. ओला फडका घेतला आणि त्यांच्या मागोमाग जिना उतरलो. अर्धा गाल अजून फेसातच.

फळ्यापुढे चाळीतल्या दोन बायका उभ्या होत्या. एकीला वाचता येत नसावं, कारण पवारमामा तिला एकेक शब्दावर बोट ठेवून वाचून दाखवत होते. दुसरीचे दिवस भरत आलेले. ताई दिसताच त्या पोटुशीने पिशवीतून नारळ आणि खण काढला आणि तिथेच, गेटमध्ये, स्कूटरींच्या मधल्या जागेत, त्यांची ओटी भरली. ताईंनी पदर पुढे केला. करावाच लागतो, ओटीला नाही म्हणता येत नाही. त्या पदरात नारळ पडला तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. भर बाजारात कुणी आपल्या डोक्यावर न विचारता पोतं ठेवून द्यावं, तसा.

बायका गेल्या. मी फडका उचलला.

ताई फळ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या."

मला अजून आठवतं ते हे, की त्या दोन शब्दांचा अर्थ मला तिथल्या तिथे कळला होता. मी लिहिलेलं खोटं त्यांनी अंगावर घेतलं होतं. आता ते खरं करायला त्यांना आपलं पद घालावं लागणार होतं. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: बरं झालं, फळा पुसावा लागला नाही.

पुढच्या सभेत भूखंडाचा शेवटचा निकाल लागायचा होता. पक्षाने लेखी आदेश काढला: ट्रकतळाच्या बाजूने हात वर करायचा, जो करणार नाही त्याचं पद कायद्याने जाणार. हे सगळं मला ठाऊक होतं. दातही तयार होता. पण त्या दिवशी भारताची मॅच होती आणि खालच्या मजल्यावर नवा मोठा टीव्ही आला होता. मी मनाशी म्हटलं, एकदा आपल्या बघण्याने घोळ झालाय, आता पुन्हा तिथे जाऊन बाईंना संकोच कशाला? संकोचाचं नाव पुढे करून मी क्रिकेट बघितलं. त्या संध्याकाळी फळ्यावर माझ्या अक्षरात होतं: उद्या टाकी धुणार, पाणी भरून ठेवावे.

काय झालं ते मला पवारमामांनी सांगितलं, त्यांना ताईंच्या मुकादम नवऱ्याने सांगितलं होतं. विरोधक घोषणा देत सभेतून उठून गेले. सभागृहात उरला नुसता पक्ष. बाजूने कोण, सगळे हात वर. विरोधात कोण, असं महापौरांनी रीत म्हणून विचारलं आणि पुढचा विषय पुकारणार, तेवढ्यात शेवटच्या रांगेतून हात वर आला. सभागृह वळून बघायला लागलं. गटनेता हुशार आणि तसा दयाळूही. आधीचा प्रकार त्याला माहीत होता. त्याने बाईंना सुटायला दार उघडून दिलं. हसत म्हणाला, ताई, पाणी पाहिजे का? सगळे हसले. शिपाई ग्लास घेऊन निघालासुद्धा.

ताई म्हणाल्या, "न्हाई. पानी पिऊन आलेय." आणि हात तसाच ठेवला.

ठराव मंजूर झालाच. एका हाताने काय अडतं? 'एकमताने'च्या जागी 'बहुमताने' असं लिहावं लागलं, एवढाच काय तो फरक. आणि पावसाळ्यानंतर कधीतरी शालनताईंचं पद गेलं.

मी ते फळ्यावर लिहिणार होतो. खरंच. खडू हातात घेतला होता. कारखानीस म्हणाले, सचिव, आता फळ्यावर राजकारण पुरे, उगाच पक्षाच्या डोळ्यांवर यायचं. मी म्हटलं, बरोबर आहे. चेष्टा चालली होती तोवर ते राजकारण नव्हतं, असं बहुधा आम्हा दोघांचंही मत होतं. मी सुविचारांकडे परतलो.

ट्रक आले. अजून आहेत. रात्री त्यांचे भोंगे वाजतात, ड्रायव्हर स्टोव्ह पेटवून रस्सा करतात, त्याचा वास छान असतो हे मान्य केलं पाहिजे. आमच्या आणि त्यांच्यामध्ये एक भिंत आहे. ती आता फुगलीय, तिच्या भेगेत पिंपळ उगवलाय. भाची विचारत होती, मामा, ही भिंत सोसायटीने बांधली का? मी म्हटलं, हो, आम्हीच. तेही तसं पूर्ण खरं नाही. ती पक्षाने बांधून दिली. आम्ही फक्त हात वर केले होते.

पुढच्या वर्षी पोटनिवडणूक लागली ती पुन्हा मिरचीच्या दिवसांतच. शालनताई अपक्ष उभ्या राहिल्या, चिन्ह शिलाई मशीन. पक्षाने नवी बाई दिली आणि आमच्या चेअरमनांना निरोप धाडला: सोसायटीची मतं एकगठ्ठा मिळाली तर ट्रक दिसू नयेत अशी उंच भिंत आणि आतल्या रस्त्याला डांबर. सोसायटीने तसा ठराव करून द्यावा; आणि एकमताने असला तर बरं, म्हणजे साहेबांना दाखवता येईल.

संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून विशेष सभा भरली. वारा नेमका बाजाराकडचा. ताई बोलायला आल्या. कारखानीसांनी नाही म्हटलं नाही, लोकशाही आहे. त्या फळ्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. फार बोलल्या नाहीत. प्रसूतिगृहाची जागा गेली ती परत मागू, असं म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, हसत, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं:

"तुमचे सचिव लई हुशार. जो हात मी वर केलाच न्हवता त्यो त्यांनी लिवला. केला त्यो लिवला न्हाई."

लोक हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. मी नेहमीच स्वतःवरच्या विनोदाला सगळ्यांत मोठ्याने हसतो. ती माझी युक्ती आहे. समोरच्याला वाटतं, याला लागलं नाही.

मग त्या शेवटच्या रांगेत, खांबापाशी, रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसल्या. निघून जातील असं आम्हाला वाटलं होतं. त्या गेल्या नाहीत. एके काळी मी गॅलरीत बसत असे, तशा त्या बसल्या.

कारखानीसांनी भिंतीचा ठराव वाचला. बाजूने असतील त्यांनी हात वर करा, असं म्हणून स्वतःचा हात सगळ्यांत आधी वर केला. पहिल्या रांगेचे हात गेले. दुसऱ्या रांगेचे गेले. मी तिसऱ्या रांगेत. शेजारी बायको, फ्लॅट माझ्या नावावर असल्याने तिला मत नव्हतं, तिचे हात मांडीवर होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं, भिंत तर हवीच आहे. मला वाटलं, एकट्याने खाली ठेवून काय होणार? मला वाटलं, मत गुप्त असतं, बूथवर पाहिजे ते करू. इतकं सगळं वाटेपर्यंत माझा हात वर गेलेला होता. कधी गेला ते मला आजही सांगता येणार नाही. इतकं मात्र आठवतं की त्याआधी मी कारखानीसांच्या हाताकडे बघितलं होतं.

सगळे हात वर. कुठेतरी एक शिंक.

मागून ताईंचा आवाज आला. खूप आपुलकीने, आजाऱ्याला विचारावं तसा.

"भाऊ, तुमास्नी पानी पायजे हाय का?"

माना वळल्या. त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. तेच दार. मला फक्त नाही म्हणायचं होतं आणि हात खाली घ्यायचा होता. किंवा नाही म्हणून तसाच वर ठेवायचा होता. तेसुद्धा चाललं असतं, निदान तो माझा हात झाला असता.

मी म्हणालो, "हो."

पवारमामांनी केबिनमधून स्टीलचा तांब्या आणि पेला आणला. मी बसल्या जागी पाणी प्यायला लागलो. मला तहान नव्हती. सगळी सोसायटी माझ्या घशाकडे बघत होती. मी अर्धा पेला प्यायलो असेन, तेव्हा कारखानीसांनी अडचणीत पडून विचारलं, "सचिव, मग तुमचा हात मोजायचा ना? एकमताने लिहायचंय."

माझ्या तोंडात पाणी होतं. मी मान हलवली. मोजा.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी वळलो नाही, पाणी संपवत राहिलो.

पोटनिवडणुकीत ताई पडल्या. बूथवर मी शिक्का कुठे मारला हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगितलं तरी आता कोण मानणार? माझं मत सगळ्यांनी आधीच पाहिलेलं होतं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सचिव या नात्याने मी फळ्यावर लिहिलं: भिंतीचा ठराव एकमताने मंजूर. 'एकमताने' हा शब्द जरा मोठा काढला. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं.